मर्ल टॉफ्टेचे प्राणिसंग्रहालय

मर्ल टॉफ्टे याने एकतीस वर्षे अस्वले सांभाळली आणि एवढ्या काळात त्याच्या अंगावर एक ओरखडाही उमटला नाही. सरोवराकाठच्या आमच्या लहानशा प्राणिसंग्रहालयात तो कामाला लागला तेव्हा त्याच्या मिशा तांबूस होत्या. निवृत्त झाला तेव्हा पांढऱ्या. मधल्या काळात काय केले असे कोणी विचारले तर तो म्हणे, "कुलपं लावली." हे तो गंमत म्हणून सांगत नसे. अस्वलाच्या आवारात शिरण्यापूर्वी अस्वल आतल्या खोलीत घ्यायचे, सरकते दार पाडायचे, कुलूप लावायचे, ते ओढून पाहायचे आणि मग कोणी ऐकायला असो वा नसो, मोठ्याने म्हणायचे, "अस्वल आत आहे." त्याशिवाय दुसऱ्या दाराला हात लावायचा नाही. घरी गॅरेजचे दार ओढतानाही त्याच्या तोंडून हे शब्द निघून जात, आणि त्याची बायको सोल्वे स्वयंपाकघरातून ओरडे, "अस्वल बाहेरच आहे रे! जेवायला ये."

तो भित्रा होता. सोबतचे दोघे धीट रखवालदार बोटे गमावून बसले होते आणि मर्लची दहाही शाबूत होती, त्यामुळे या स्वभावाबद्दल त्याला कोणी हसले नाही.

सोल्वे गावच्या ग्रंथालयात कामाला होती. तिला संगणकावरच्या एका खेळाचे वेड होते. त्या खेळात दाढीवाले बुटके डोंगर पोखरून किल्ला वसवतात. कुठे खणायचे, काय बांधायचे आणि कोणाला कोणते काम द्यायचे एवढेच खेळणाऱ्याच्या हाती. बुटके ते आपल्या सवडीने आणि आपल्या मर्जीने करतात. ग्रंथालयाच्या तळघरात दर शनिवारी दुपारी जमणाऱ्या सहा जणांनी मिळून असा एक किल्ला चालवला होता. किल्ल्यातले एक वर्ष एकाने सांभाळायचे, वर्षाचा वृत्तांत लिहायचा आणि किल्ला पुढच्याच्या हवाली करायचा. हा सगळा किल्ला अंगठ्याएवढ्या एका पेनड्राइव्हवर मावे आणि तो पेनड्राइव्ह कॉफीच्या एका निळ्या डब्यात राही. त्याची दुसरी प्रत कोणी ठेवायची नाही, असा नियम होता. घडले ते घडले. मागे जाऊन चूक सुधारायची नाही.

नियम सोल्वेने घातला होता. त्यांच्या पहिल्या किल्ल्यात तिने भलतीच भिंत फोडली, भूमिगत तळे आत शिरले आणि साठ बुटके तासाभरात बुडाले. त्या दिवशी सहांतल्या एलरॉयने हळूच आपल्याजवळची जुनी प्रत पुढे केली होती. सोल्वेने ती त्याच्यासमोर पुसून टाकली आणि म्हणाली, "मग ते मेले ते कशाला?"

आणखी एक प्रथा होती. प्रत्येकाने आपले नाव एका बुटक्याला द्यायचे. तो मेला की त्याच्या नावाचा दगड कोरायचा आणि किल्ला असेतो दुसरे नाव घ्यायचे नाही. त्यांच्यातल्या डार्लीनचा बुटका तिसऱ्याच वर्षी रानडुकराने फाडला. एलरॉयचा विहिरीत पडला, तोही एलरॉयच्याच वर्षात. सोल्वेची मात्र टिकली. ती पाथरवटीण होती. नऊ वर्षे ती खुर्च्या घडवत होती आणि भिंतींवर नक्षी कोरत होती.

खरी सोल्वे जाऊन आता दोन वर्षे उलटून गेली होती. तेव्हा, दफनानंतरच्या आठवड्यातच, डार्लीन तो निळा डबा घेऊन मर्लच्या दारात उभी राहिली. डार्लीनने तीस वर्षे शाळेची बस चालवली होती, आणि तिच्या आवाजात अजूनही मागच्या बाकापर्यंत पोचण्याची ताकद होती.

"तिची जागा तुझी," ती म्हणाली.

"मला यातलं काही येत नाही, डार्लीन."

"कोणाला येतं? एलरॉयला? स्वतःच्याच विहिरीत पडला तो." तिने मर्लचा संगणक उघडला, खटपट करून एक खोली पडद्यावर आणली आणि बोट ठेवले. "ही बघ. खुर्ची करतेय."

नखाएवढे एक चित्र दगडापाशी उभे होते. मर्लने शेजारची खुर्ची ओढली आणि तो बसला.

दोन हिवाळ्यांत तो खेळ शिकला आणि तिसऱ्यात त्याची पाळी आली. आदल्या वर्षी एलरॉयने लावलेल्या सापळ्यात एक ड्रॅगन सापडला होता, आणि सर्वांनी हात वर करून ठराव केला की मर्लच्या वर्षात किल्ल्यात प्राणिसंग्रहालय उभे राहावे. "अस्वलवाला आपल्यात असताना ड्रॅगन अडगळीत पडलाय, शोभतं का?" एलरॉय म्हणाला. जहाजांत खनिज भरणाऱ्या धक्क्यावर क्रेन चालवण्यात त्याचा जन्म गेला होता. बोलणे संथ, देह प्रचंड, आणि डोळे कोणाचेही दुःख ऐकून भरून येणारे.

वास्तविक त्या खेळात पिंजऱ्याइतके सुरक्षित काहीच नाही. ड्रॅगनला एका चौकोनात बंद करावे; तो खात नाही, पीत नाही, शंभर वर्षे तसाच बसतो. दुसऱ्या कोणीही पिंजरा उचलून दालनात मांडला असता आणि झाले प्राणिसंग्रहालय म्हटले असते. मर्लला ते जमेना. तीन दिवस त्याने पिंजऱ्याकडे पाहिले आणि चौथ्या दिवशी खणायला घेतले. तीन मजल्यांचे आवार, खाली पाण्याचे डबके, वर एक कपार. प्राण्याला नजरेआड होता आले नाही तर तो चिडतो, हे त्याला ठाऊक होते. बघणाऱ्यांसाठी स्फटिकाची खिडकी. आणि आत जाण्यासाठी एकामागे एक दोन दारे, मध्ये चार पावलांची कोठडी. बाहेरचे लागल्याखेरीज आतले उघडायचे नाही, आणि आतले लागल्याखेरीज बाहेरचे. दारांचा खटका आवारापासून लांब, एका वेगळ्या खोलीत. हुबेहूब अस्वलांच्या आवारासारखे.

पण खणण्याच्याही आधी, आपल्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, त्याने एक वेगळे काम केले होते. बुटक्या सोल्वेची सर्व कामे काढून घेतली, तिला एक खोली दिली, तीत पलंग, मेज आणि बिअरचे पिंप ठेवले, आणि दाराला कुलूप घातले.

जानेवारीतल्या एका शनिवारी त्याने हे सर्व तळघरात दाखवले. ड्रॅगनच्या आवारावर सगळे खूश झाले. डार्लीन मात्र पडद्यावर काही शोधत राहिली.

"सोल्वे कुठाय?"

मर्लने दाखवले.

डार्लीन पडद्याजवळ वाकली. "ड्रॅगनला तीन मजले आणि तळं. बायकोला एक खोली आणि पिंप. वा रे वा!"

"तिथे तिला काही होणार नाही."

"काही होणार नाही, हे तर दिसतंच आहे. उदास झालीय ती, मर्ल. खाली लिहिलंय, वाच. चार महिने हातात छिन्नी नाही. ती असती ना, तर तुझ्या डोक्यात घातली असती छिन्नी."

एलरॉय टेबलाखालून डार्लीनच्या बुटावर बूट दाबत होता.  घरी गेल्यावर त्याने त्या खोलीचे कुलूप काढले. छिन्नी मात्र दिली नाही. दगडाची खाण सर्वांत खालच्या मजल्यावर होती आणि तिथल्या भुयारांतून काय वर येईल याचा नेम नव्हता. फिरू दे, बसू दे, लोकांत मिसळू दे, एवढेच त्याने ठरवले.

ड्रॅगनची शिकवण फार टिकत नाही. ऋतू पालटला की तो माणसाळलेपण विसरू लागतो. मग कोणीतरी पुन्हा आत जाऊन त्याला वळण लावावे लागते. पिंजऱ्यातच त्याला माणसाळवून आवारात सोडणारा उडिब नावाचा एक जुना बुटका मर्लने त्यासाठी नेमला होता. फेब्रुवारीत उडिब जिन्यावरून घसरला आणि पाय मोडून दवाखान्यात पडला. मर्लने यादी उघडली, उडिबचे नाव काढले आणि त्या जागी नोंद केली: 'जो मोकळा असेल तो.' एकतीस वर्षे असेच चालत आले होते. एक रखवालदार आजारी पडला तर दुसऱ्याने जायचे. जनावर ताटकळत राहता कामा नये. त्याचा हात सवयीने चालला. किल्ल्यात त्या घटकेला मोकळे कोण होते, हे त्याच्या मनात आले नाही.

सोमवारी दुपारी पडद्याच्या तळाशी ओळ उमटली की ड्रॅगन शिकवण विसरला आहे. तिच्याखाली दुसरी: त्याला वळण लावायला सोल्वे गेली आहे.

मर्लने स्पेसबार दाबला. खेळ जागच्या जागी थांबला.

त्याने आवार पडद्यावर आणले. ती दोन दारांच्या मधल्या कोठडीत उभी होती. बाहेरचे दार तिच्यामागे बंद झाले होते. आतले उघडले होते. ड्रॅगन डबक्यापाशी होता, आणि त्याच्या नावापुढचा 'माणसाळलेला' हा शब्द पुसला गेला होता.

मर्लने हात कळफलकावरून काढले. अस्वलांच्या आवारात त्याला भीती वाटे तेव्हा ती त्याच्या हातांना कामाला लावी. ही भीती वेगळी होती. तिला करायला काही नव्हते.

तिचे काम रद्द करावे? मग ती तिथेच उभी राहणार. समोर उघडे दार, आणि आतले लागल्याखेरीज मागचे उघडणार नाही. आतले लावायचे तर कोणीतरी खटक्यापर्यंत चालत जायला हवे, आणि खटका ओढून गेलेला, त्यातल्या त्यात जवळचा बुटका सत्तर पावलांवर होता. ड्रॅगन तिच्यापासून अकरा. तिला वाचवण्यासाठी म्हणून जी व्यवस्था त्याने केली होती, तिनेच तिला कोंडले होते. त्याने हिशोब मांडला, खोडला, पुन्हा मांडला.

मंगळवारी तो संगणकाजवळ गेला नाही. बुधवारी गेला आणि नुसता बसून राहिला. जोवर तो बोट लावत नव्हता तोवर ती जिवंत होती. त्याने चार्जरची वायर भिंतीशी टेपने चिकटवली, आणि मांजर तिला धक्का लावील म्हणून मांजराला त्या खोलीत मनाई केली.

खरे तर एक वाट होती आणि तीच त्याला सर्वांत जास्त घाबरवत होती. खेळ न जपता संगणक बंद पडला, तर किल्ला शेवटच्या नोंदीपाशी परत जाणार होता. म्हणजे हिवाळ्याच्या आरंभाशी, ती ड्रॅगनपासून दूर, वर सुखरूप होती तिथे. खेळ आहे तसा जपला असता तर ही वाट बुजली असती, आणि तेही त्याच्याने होत नव्हते. मुद्दाम करण्याची गरजच नव्हती. गुरुवारी गोठणारा पाऊस पडला, विजेच्या तारांवर बर्फाची सालपटे चढली आणि दिवे तीनदा मिणमिणले. प्रत्येक वेळी मर्ल उठून उभा राहिला. जुन्या बॅटरीत पाऊण तासाचा जीव होता. वीज गेलीच तर त्यात त्याचा काय दोष? दिवे टिकले. तो पुन्हा बसला तेव्हा त्याच्या लक्षात आले की आपण मनातल्या मनात ते जावेत असे म्हणत होतो, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

त्या शनिवारी त्याने सर्दीचे कारण सांगितले. पुढल्या शुक्रवारी डार्लीनचा फोन आला.

"उद्या किल्ला माझ्या ताब्यात द्यायचाय तुला. वर्ष संपलं की नाही?"

"दोन दिवस राहिलेत. किल्ल्यातले."

"मग संपव की! काय झालंय, मर्ल?"

त्याने सांगितले. तिने मध्येच त्याला एकदाही तोडले नाही, हे तिच्या बाबतीत क्वचितच घडे. मग म्हणाली, "तसाच घेऊन ये. बंद करू नकोस. आणि एकटा बसू नकोस आता."

शनिवारी भर दुपारी तो निघाला. संगणक शेजारच्या आसनावर उघडा, पट्ट्याने बांधलेला. ग्रंथालय बारा मिनिटांवर. पण पुढे बर्फ काढणारी गाडी लागली आणि तिच्या मागे रांगत अर्धा तास गेला. तो रस्त्याकडे पाही आणि आकड्याकडे पाही. एकतीस टक्के. सव्वीस. ग्रंथालयाच्या आवारात गाडी उभी केली तेव्हा सतरा. त्याने इंजिन बंद केले आणि हात मांडीवर ठेवले. इथे नुसते बसले तरी पुरे होते. पंधरा. काचेवर वाफ धरू लागली. चौदा. तो मोजत होता, आणि उठत नव्हता.

काचेवर थाप पडली. डार्लीन होती, डोक्याला गुंडाळलेल्या रुमालावर बर्फ साचलेला.

तिने आधी पडद्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. तिला सगळे कळले असावे. ती एवढेच म्हणाली, "एलरॉयने ओव्हनमध्ये खिम्याची हॉटडिश भाजून आणलीय. करपवलीय. चल."

हवेमुळे बाकीचे कोणी आले नव्हते. एलरॉयने धावतपळत चार्जर भिंतीत खुपसला आणि पडद्यापुढे वाकला.

"उफ्डा!" तो हळहळत पुटपुटला. "मर्ल, हे बघ, मी आपला सांगतो. बॅटरी जुनी आहे. हवा ही अशी. कोणी काही म्हणणार नाही."

"सोल्वे म्हणाली असती," डार्लीन म्हणाली.

"सोल्वेलाच वाचवायचं चाललंय ना इथे?"

"तिचाच नियम मोडून? वर गेल्यावर तूच सांग तिला, मी नाही सांगणार."

"थांबा दोघेही," मर्ल म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला. "मी बारा दिवस हेच बघतोय. काम रद्द केलं तर ती रानटी जनावरापुढे नुसती उभी राहील. मागे जाता येत नाही. तिने पुढे जाऊन त्याला वळण लावलं तरच काहीतरी आहे. पुढेच जायला हवं तिला."

"आणि नाही लागलं वळण तर?" एलरॉयने विचारले.

मर्लने खुर्ची पुढे ओढली. त्या खेळात एक कळ आहे. ती दाबली की काळ एकच पाऊल सरकतो आणि पुन्हा थांबतो. त्याने बोट तिच्यावर ठेवले.

पहिल्या दाबाला ती कोठडीतून आवारात आली. दुसऱ्याला ड्रॅगन हलला नाही. तिसऱ्याला तो वळला. मर्लचे बोट अडखळले.

"थांबलास का?" डार्लीनने विचारले.

"तो बघतोय तिच्याकडे."

"चित्र आहे ते, मर्ल. नखाएवढं."

"माहीत आहे मला." त्याच्या कपाळावर घाम होता. "उगाच नाही वळत जनावर."

चौथे. पाचवे. आता दोघांत सहा पावले होती, मग चार. एलरॉयने तोंडावर हात धरला. डार्लीनने मर्लच्या दंडावरची कोटाची बाही मुठीत पकडली होती, आणि आपण ती पकडली आहे याचा तिला पत्ता नव्हता. शेवटच्या दोन पावलांत ड्रॅगनच तिच्यापाशी आला. दोन्ही चित्रे एकमेकांना चिकटली आणि तशीच राहिली. मर्ल दाबत राहिला. काही नाही. पुन्हा काही नाही. आग येणार असेल तर एका दाबात येते, हे तिघांनाही ठाऊक होते. म्हणून प्रत्येक दाबापूर्वी तो श्वास आत घेई आणि नंतर सोडी. हॉटडिश गार झाली. वर ग्रंथालयात कोणीतरी खुर्ची सरकवली, तेव्हा तिघेही दचकले.

चाळिसाव्या की पन्नासाव्या दाबाला ओळ उमटली: ड्रॅगन माणसाळला आहे.

एलरॉय खुर्चीत कोसळला आणि सरळ रडू लागला. मर्लने पडद्यावरची नजर काढली नाही. ती कोठडीत आली, परतलेल्या बुटक्याने खटका ओढला, आतले दार पडले, बाहेरचे उघडले, ती जिन्याने वर गेली. तेव्हा कुठे त्याने कळ सोडली.

"खाली अजून एक ओळ आहे," डार्लीन म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. तिने ती वाचून दाखवली. त्या ड्रॅगनने सोल्वेला आपली मानले होते. यापुढे तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाकडून तो वळण घेणार नव्हता.

"म्हणजे दर ऋतूला...?" एलरॉयने डोळे पुसले. "पिंजऱ्यात घाला त्याला परत."

"पिंजऱ्यात घालायला त्याला धरून आणायचं कोणी?" मर्ल म्हणाला. "तिलाच आत जावं लागेल."

 त्याने किल्ल्यातले उरलेले दोन दिवस चालवले. वृत्तांत चार ओळींत लिहिला. यादीतली नोंद त्याने स्वतः केली होती, हेही त्यात लिहिले. सोल्वेच्या नावापुढे छिन्नीचे काम परत मांडले. मग पेनड्राइव्ह काढून निळ्या डब्यात ठेवला आणि डबा डार्लीनपुढे सरकवला. तिने तो लगेच उचलला नाही.

"काही सांगायचंय?"

सांगायचे पुष्कळ होते. खटक्यापाशी नेहमी एकाला उभे ठेव. तो कपारीत असेल तेव्हा तिला सोडू नकोस. पाण्यापाशी असला तर बरा. नाहीतर सरळ कुलूपच घाल तिला, डार्लीन, वर्षभर. ड्रॅगन रानटी झाला तर होऊ दे. हे सर्व त्याच्या ओठांपर्यंत आले.

"वर्ष तुझं आहे," तो म्हणाला.

तो आठवडा त्याने कसा काढला हे त्याचे त्यालाच ठाऊक. डार्लीनला फोन करायचा नाही असे त्याने ठरवले होते आणि ते पाळले. दोनदा मात्र तिच्या घरावरून उगाच गाडी नेली. शनिवारी तो तासभर आधीच तळघरात येऊन बसला. बारा वाजून गेले. जिन्यावर डार्लीनचे बूट वाजले. तिने दारात बर्फ झटकला, रुमाल सोडला, कोट खुंटीला लावला. मर्ल तिच्या तोंडाकडे बघत होता आणि त्याला काही वाचता येत नव्हते.

"आहे रे बाबा, आहे," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "गेली आणि आली. वरच्या दालनात कोरतेय काहीतरी."

मर्लने मान हलवली. तिने डबा टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात लगेच काढला नाही.

"वसंतच झालाय फक्त," डार्लीन म्हणाली. "तीन ऋतू आहेत अजून."